बिरूतात्यांचं पाच लिटर पेट्रोल

बिरूतात्यांच्या गाडीतलं पहिलं भाडं म्हणजे माझं लोखंडी कपाट. पाच वर्षांपूर्वी माझी बदली मंगळवेढ्याच्या दक्षिणेला एका गावात झाली. तिथल्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. सोलापुरातून तिकडे सामान न्यायला कुणी तयार होईना. शेवटी कळलं, त्याच गावचा एक माणूस नवी गाडी घेऊन शहरात आला आहे. दारात एक छोटी पांढरी पिकअप येऊन उभी राहिली. बॉनेटवर भंडारा उधळलेला, काचेवर ‘बिरोबा प्रसन्न’. आतून पटका बांधलेले, ताडमाड उंच, अतिशय गंभीर गृहस्थ उतरले. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत काय आहे म्हणून विचारलं. पुस्तकं, मी म्हटलं. मग हळू न्यायला पाहिजे, असं म्हणाले आणि सत्तर किलोमीटरला त्यांनी पावणेचार तास घेतले. वाटेत मी तीनदा चिडले. त्यांच्यावर काहीही परिणाम झाला नाही.

मूळ नाव बिरदेव, पण सारं गाव तात्या म्हणतं, अगदी त्यांची मुलंसुद्धा. मीही पहिल्या आठवड्यातच म्हणू लागले. धनगराचं घर, शंभरेक मेंढरं. दिवाळी झाली की मेंढरं माळशिरसच्या बागायतीत न्यायची, लोकांच्या रानात खतासाठी बसवायची आणि पाऊस पडला की परत यायचं, असा जन्मभराचा शिरस्ता. पंचावन्नाव्या वर्षी तात्यांचा उजवा गुडघा गेला. कळपामागे चालणं संपलं. ते काम थोरल्या मुलाकडे, धनाजीकडे गेलं आणि तात्यांनी ही गाडी घेतली.

गाडी गॅसवर चालायची. आमच्या भागात तेव्हा गॅसचा पंप नवाच होता आणि लोक लांबून बघायला जात. गॅस संपलाच तर अडचण नको म्हणून गाडीला पेट्रोलची पाच लिटरची टाकीही होती. समोर एक बटण होतं. ते दाबलं की गाडी गॅसवरून पेट्रोलवर जायची. तात्या हे सगळ्यांना समजावून सांगत, जणू ती सोय त्यांनीच शोधून काढली होती.

या माणसाला गाडी चालवता येते की नाही, यावर माझं आणि गावाचं एकमत नाही. माझ्या मते ते गाडी हाकतात. कळपाबरोबर निघाले की नुकती जन्मलेली कोकरं मागच्या हौद्यात, त्यांच्याखाली गवत, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या पावलानं. आत कोकरं ओरडतात, त्यांच्या आया गाडीमागे चालतात, आयांच्या मागे सारा कळप. मेंढरांना वळवावं लागतच नाही. या युक्तीचं तात्यांना फार भूषण. गॅस किती जळतो, हे मी एकदा विचारलं तर म्हणाले, पायांपेक्षा कमीच.

गॅसच्या पंपावर गाडी भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. तिथल्या माणसानं पहिल्या वेळी सवयीनं सांगितलं, सगळे उतरा. तात्यांनी हौद्यातली तेवीस कोकरं एकेक करून खाली उतरवली. मागची रांग हॉर्न वाजवून थकली. नियम म्हणजे नियम. पंपावरच्या माणसानं हात जोडले, तरी पुढच्या खेपेलाही कोकरं उतरलीच.

आता त्या पेट्रोलविषयी. गाडी घेतली त्या आठवड्यात तात्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि तिला पुन्हा हात लावला नाही. अडीनडीला राहू दे, म्हणाले. गाडी देताना मेकॅनिकनं सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा तरी चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर फिरवा. तात्यांनी मान हलवली आणि ते विसरून गेले. विसरले म्हणणं खरं नाही, त्यांना ते पटलंच नाही. आमच्या भागात माणसं रांजणातलं शेवटचं पाणी पीत नाहीत. कणगीच्या तळाची ज्वारी काढत नाहीत. दुष्काळात ज्यांच्या घरी काहीतरी राखून ठेवलेलं होतं ती घरं तगली, हे प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलेलं आहे. अशा माणसाला, वापरलं नाहीस तर वाया जाईल, असं सांगून काय उपयोग? वर्षभरानं पेट्रोलचा काटा जरासा खाली सरकला, तेव्हा तात्यांनी धनाजीवर संशय घेतला. महिनाभर बापलेक बोलत नव्हते. पेट्रोल उडून जातं हे मी सांगून बघितलं, तर टाकीला झाकण आहे म्हणाले.

पण मी तरी कोणत्या तोंडानं बोलू. नववीच्या वर्गात काटकसरीचा धडा शिकवताना मी उदाहरण दिलं ते याच पेट्रोलचं. बघा, म्हटलं, तात्यांची टाकी वर्षभर भरलेली आहे, तुमची शाईची बाटली आठ दिवस टिकत नाही. वर्गात तात्यांची धाकटी मुलगी सृष्टी बसलेली होती. ती लाजून खाली बघत राहिली. पण संध्याकाळी तिनं घरी जाऊन सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तात्या शाळेच्या वाटेनं गाडी अकारण दोनदा घेऊन गेले.

ही सृष्टी यंदा बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. त्या घरातून शहरात शिकायला जाणारी ती पहिलीच. फॉर्म मी भरला, कागद मी गोळा केले. तिला सोलापुरातल्या एका कॉलेजात जागा लागली ती अगदी शेवटच्या फेरीत. आणि एक दाखला असा अडकला की तो हातात पडला मुदतीच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आत मूळ कागद घेऊन पालकासह हजर राहायचं. नाहीतर जागा पुढच्याला. त्यानंतर फेरी नव्हती.

मी म्हटलं, सकाळच्या एसटीनं जाऊ. तात्यांनी ऐकून घेतलं नाही. पोरीची ट्रंक आहे, गादी आहे, आईनं बांधून दिलेला आठ दिवसांचा फराळ आहे. आणि पोरीला त्यांच्या गाडीतूनच जायचं होतं. म्हणजे असं तात्या म्हणाले, सृष्टीला कुणी विचारलं नव्हतं. अंबुबाई, तिची आई, मेंढरांपाशी घरी राहिली. तिनं गाडीला आणि मुलीला एकाच ताटातलं कुंकू लावलं. आम्ही अकराला निघालो. पुढे तात्या, मधे सृष्टी, दाराला चिकटून मी, मांडीवर कागदांची फाईल.

गॅस कमी होता. वाटेतल्या पंपावर भरायचा ठरला होता. तिथे वीस गाड्यांची रांग, आणि गॅस घेऊन येणारी गाडी अजून यायची होती. आत्ता येईल, आत्ता येईल असं करत पावणेदोन तास गेले. मी तीन वेळा खाली उतरून पंपावरच्या माणसाला जाब विचारला. त्यानं तिन्ही वेळा नम्रपणे आकाशाकडे बोट दाखवलं, का ते मला कळलं नाही. अडीच वाजता मी तात्यांना म्हटलं की आता निघा. तात्या शांत होते. गॅस पुरेल तिथवर जाऊ, म्हणाले. आणि मग समोरच्या बटणाला त्यांनी प्रेमानं हात लावला.

“पेट्रोल हाय की, बाई. ह्याच दिवसासाटी ठिवलंय.”

कामती गाव मागे पडलं आणि गॅस संपला. तात्यांनी पटका सारखा केला, बटण दाबलं आणि किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा. दहाव्या खेपेला बॅटरीचाच आवाज बसू लागला. तात्या खाली उतरले, त्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. मग मला बोलावलं. मीही घेतला. पेट्रोलचा वास नव्हताच तो. जुन्या दाराला मारलेल्या व्हार्निशसारखा काहीतरी उग्र, आंबूस वास होता. पाच वर्षांत त्या पेट्रोलचा चिकट राळ झाली होती.

तात्या झाकण हातात धरून उभे राहिले. मी या माणसाला मेंढी मेल्यावर पाहिलं आहे, गारपिटीत पाहिलं आहे. असा चेहरा मी पाहिला नव्हता. मला रागवायचं होतं, वाक्यसुद्धा तयार होतं. ते सोडून मी रस्त्यावर येऊन एसटी दिसते का बघू लागले.

सव्वातीन वाजले होते. दोन एसट्या भरून गेल्या, थांबल्या नाहीत. एक मोटारवाला थांबला, तर तो उलट्या दिशेला निघालेला. पावणेचारला कांद्याची पोती भरलेली एक पिकअप थांबली. चालक निंगप्पा, अक्कलकोटकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. बाजार समितीत चालला होता. पुढे दोघंजण बसतील म्हणाला, तिसऱ्याला जागा नाही. ट्रंक आणि गादी कांद्यावर बांधू.

तात्यांनी ताबडतोब ट्रंक उचलली. तुम्ही दोघी जा, मी थांबतो, म्हणाले. सृष्टी गाडीत चढली आणि तशीच खाली उतरली. मी का ते ओळखलं. पालकाची सही समोर लागते. फॉर्मवर तसं छापलेलंच होतं.

बाईंनी करावी सही, तात्या म्हणाले. मी पालक नाही, मी म्हटलं. मग तात्यांनी गाडीकडे बघितलं आणि मला उमगलं की अडचणी दोन आहेत. त्यांच्यात चालत्या कळपातलं आजारी जनावर वाटेवर टाकून जात नाहीत. कळप पुढे जातो, एक माणूस त्याच्याजवळ बसून राहतो. तात्यांनी आयुष्यात असे कितीतरी दिवस काढले असतील. आणि दुसरी अडचण त्यांनी स्वतःच सांगितली.

“तितं काय बोलायचं, बाई? मी मेंढरावानी बोलतो. ते कागदावानी बोलत्यात.”

मी आले होते तेच मुळी त्या कचेरीत बोलायला. टेबलामागच्या माणसांशी भांडण्यात माझी हयात गेली आहे. फाईल माझ्या हातात होती, कुठला कागद कुठल्यावर लावायचा ते मला पाठ होतं. क्षणभर मला वाटलं, हे माझंच काम आहे. मग मी सृष्टीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती बापाच्या हातातल्या त्या झाकणाकडे बघत होती.

मी फाईल तात्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “तुम्ही जा. आजाऱ्याजवळ मी बसते.”

ते दोन पावलं गेले, परत आले. बॉनेटवर घोंगडी टाका, ऊन लागतंय, म्हणाले. काच थोडी उघडी ठेवा. कुणी ढकलून सुरू करतो म्हणालं तर देऊ नका. मी म्हटलं, तात्या, चार वाजत आले. मग ते गेले. कांद्याची ती गाडी वळणाआड जाईपर्यंत पोत्यांवरची ट्रंक दिसत होती.

मी घोंगडी टाकली. कुणी बघत नव्हतं म्हणून टाकली. मग आत बसले आणि मला भयंकर राग आला. आधी पंपाचा, मग तात्यांचा, मग त्या मेकॅनिकचा, की एवढं महत्त्वाचं त्यानं तात्यांची मान हलेपर्यंतच का सांगितलं. शेवटी राग येऊन थांबला माझ्यावरच. नववीच्या तीस मुलांना मी सांगितलं होतं की हे पेट्रोल म्हणजे आदर्श. ती मुलं आता कुठे कुठे काय काय राखून बसली असतील, देव जाणे.

पाच वाजले. सृष्टीला फोन लावला, उचलला नाही. सव्वापाचला लावला, उचलला नाही. तात्यांचा फोन तर समोर काचेखालीच पडलेला होता. तो वाजला. अंबुबाई होती.

पोरगी पोचली का, तिनं विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं. मी सगळं सांगितलं, पेट्रोलसकट. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. मग म्हणाली, “तितं ह्ये एकटंच गेल्यात व्हय? मग बोलतील. घरात तेवडं बोलत न्हाईत.” आणि मी काही खाल्लं का, असं विचारलं. फराळ तर ट्रंकेबरोबर गेलेला. मग तिनं मला सीटखाली बघायला सांगितलं. फडक्यात दोन भाकरी आणि शेंगाची चटणी होती. गाडी कधी कुठे थांबेल म्हणून ती रोज ठेवते आणि तात्या रोज खातात, एवढं मात्र राखून ठेवत नाहीत. मी खाल्लं. जीव थाऱ्यावर नव्हता, पण मी दोन्ही भाकरी खाल्ल्या.

साडेसहाला एक मोटारसायकल आली. मागे तात्या, हातात पेट्रोलचा कॅन, पुढे वाटेवरच्या तिऱ्हे गावचा मेकॅनिक. मी दार उघडून धावत गेले. या वयात आणि या वजनात मी धावत नाही. तात्यांनी फक्त मान डोलावली. मला वाटलं, हे ‘झालं’ म्हणून आहे. पण मला शब्द हवे होते, मास्तरीण आहे मी. झालं का, विचारलं. झालं, म्हणाले. आणि बॉनेटवरची घोंगडी बघून म्हणाले, बरं केलं.

मेकॅनिकनं जुनं पेट्रोल काढून टाकलं, नळी आणि पंप धुतला, तात्यांना दोन-चार गोष्टी ऐकवल्या. तात्यांनी त्या मुकाट ऐकल्या. नवं पेट्रोल पडलं, मोटारसायकलच्या बॅटरीला तारा लावल्या आणि गाडी दोन ठसके देऊन सुरू झाली. आम्ही गावाकडे वळलो.

मग वाटेत हळूहळू सगळं बाहेर आलं. पाचला दहा कमी असताना ते पोचले. पुढे सात जण. नंबर आला तेव्हा पाच वाजून गेलेले, कारकून यंत्र बंद करायच्या बेतात. सृष्टीला रडू कोसळलं. तात्या पुढे झाले. त्यांनी त्याला सांगितलं की उशीर पोरीचा नाही, माझा आहे. माझ्याकडे जे होतं ते मी वापरलं नाही, ते नासलं, म्हणून उशीर झाला. शिक्षा करायची तर मला करा. त्या कारकुनानं तात्यांकडे बघितलं, म्हणाला की आजोबा, रांगेत पाचच्या आत उभे होता ना, मग झालं. आणि फाईल घेतली. कागद एकाखाली एक बरोबर लावलेले होते हे त्यानं बोलून दाखवलं, असंही तात्यांनी मला सांगितलं. ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी आठवून आणलं होतं.

सही केली. वसतिगृहाच्या दारापर्यंत ट्रंक नेली. तिथून पुढे पुरुषांना जाऊ देत नाहीत.

इथे तात्या थांबले. दिवे लावायची वेळ झाली होती, त्यांनी ते लावले. मी विचारलं नाही. पाच वर्षांत मी एवढं तरी शिकले होते.

“तिला सांगितलं, बाई. तू माझ्यापरीस शाणी हायस, तुझा मला लई अभिमान हाय, म्हनलं. तिच्या धाव्या वरसापासनं बोलायचं हुतं. नर्स झाल्यावर बोलू म्हनून ठिवलं हुतं.”

“मग?”

“तिनं माझा हात धरला. म्हनली, तात्या, आमाला कुटं कळत हुतं? मला वाटायचं, मी शिकतीया ते तुमाला आवडत न्हाय.”

गाडी तीसच्या वेगानं चालली होती आणि त्या माणसाच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी चाकावरचा हात काढला नाही. आठ वर्षं, मी मनात म्हटलं. आठ वर्षं ती पोर असं समजून अभ्यास करत होती. आणि हे बाहेर सगळ्यांना तिचे मार्क सांगत फिरत होते, मलाच शंभर वेळा सांगितले असतील.

मला आता गोष्टी मनात राखून ठेवण्याचा कंटाळा आला होता. मी सरळ तोंड उघडलं आणि म्हणाले, “तात्या, तुम्ही फार चांगले बाप आहात. मी हे पूर्वीच सांगायला हवं होतं.”

समोरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याला त्यांनी वाट दिली. पूल आला, तो संपला. चांगले दोन किलोमीटर गेल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, हळू केली आणि रस्त्यावरची नजर न काढता, अगदी दबक्या आवाजात म्हणाले, “पुन्यांदा म्हना की, बाई.”

मी पुन्हा म्हणाले.